प्रवेशिका क्रमांक २१४

माझ्या धंद्यातली पहिली तक्रार एका म्हशीबद्दल होती. माकणीहून एका गृहस्थांचा फोन आला.

"ते फोटोच्या स्पर्धेचं सॉफ्टवेअर तुमीच केलंय ना? मंग माझी म्हैस आडवी का केली?"

मला काहीच कळेना. ते म्हणाले, "म्या उभ्या म्हशीचा फोटो टाकला. तुमच्यात ती आडवी दिसायली. आई म्हनली, मेलेल्या जनावराचा फोटो कशाला पाठवलास. म्हैस गोठ्यात धडधाकट उभी हाय, या बघायला."

मी संगणकावर बघितलं तर नुसती म्हैसच नाही, निम्मी स्पर्धा आडवी झाली होती. नवरदेव आडवा, मंदिराचा कळस आडवा. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो मोबाइल आडवाच साठवतो आणि त्याच्या पोटात एक चिठ्ठी ठेवतो की बाबा, दाखवताना मला उभा कर. माझा प्रोग्रॅम फोटोचा आकार लहान करत होता आणि त्या गडबडीत चिठ्ठी फेकून देत होता. दोन दिवस मी एकेक फोटो उभा करत बसलो. माकणीच्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला. "उठली," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

तर मी हे काम करतो. धाराशिवला एका औषधाच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. तिथं बसून मी ऑनलाइन छायाचित्र स्पर्धा चालवणारी वेबसाइट बनवली आणि गेली सात वर्षं ती दुरुस्त करतो आहे. माझ्या सासूबाई लोकांना सांगतात, "जावई कॉम्प्युटरवर फोटोंच्या शर्यती लावतात." याहून नेमकं मलाही सांगता येत नाही. लोक फोटो पाठवतात. वेबसाइट प्रत्येक फोटोला एक क्रमांक देते आणि नाव झाकून ठेवते, म्हणजे परीक्षकांना हा पाहुण्याचा का परक्याचा ते कळू नये. परीक्षक घरी बसून गुण देतात. वेबसाइट बेरीज करते. शेवटी एक बटण दाबलं की निकाल लागतो. पंधरा दिवसांचं काम म्हणून मी हे हातात घेतलं होतं.

मी मुळातच अस्वस्थ माणूस आहे. बूड एका जागी टिकत नाही. स्पर्धा चालू असली की जेवताना ताटाशेजारी मोबाइल असतो आणि दर दोन घासांनी मी बघतो, किती प्रवेशिका आल्या, कुठं काही अडलं का. बायको म्हणते, आधी त्याला भरवा, मग तुम्ही जेवा. ती चेष्टेनं म्हणते, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटते. दुकानदाराचं गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याचं तोंड बघून कळतं की काहीतरी चुकलं. माझं गिऱ्हाईक जिल्ह्यात कुठंतरी वाशीत, तामलवाडीत बसून बटण दाबत असतं, आणि माझ्यामुळं त्याचं काही बिघडलं तरी मला दिसत नाही.

दुसरी गंमत मंडळाच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत झाली. जिल्ह्यातल्या छायाचित्रकारांचं एक मंडळ आहे, त्यांच्या स्पर्धा मीच चालवतो. फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं, 'फोटो अपलोड करा'. पहिल्याच दिवशी धडाधड प्रवेशिका आल्या म्हणून मी आनंदानं उघडून बघितल्या, तर सगळे पासपोर्ट फोटो. निळ्या पडद्यापुढं बसलेली, केस चापून बसवलेली, श्वास रोखलेली माणसं. चूक त्यांची नव्हती. आपल्याकडं ज्या फॉर्मवर फोटो मागतात तो पासपोर्टच असतो. एका आजोबांनी तर फोटोखाली सही पण केली होती. मी ते वाक्य बदलून 'तुम्ही काढलेलं छायाचित्र इथे टाका' असं केलं, तरी पुढच्या वर्षी चारजणांनी स्वतःच काढलेले स्वतःचे पासपोर्ट फोटो पाठवले.

आणि तिसरी आमच्या मांजराची. प्रत्येक स्पर्धेआधी सगळं नीट चालतं का ते बघायला मी स्वतःच्या मोबाइल नंबरवरून चाचणीच्या प्रवेशिका टाकतो. त्यासाठी हाताशी असतात ते मांजराचे फोटो. एका वर्षी ते काढून टाकायचे राहिले. परीक्षकांना नाव दिसत नाही, फक्त फोटो दिसतो. त्यांनी प्रामाणिकपणे गुण दिले आणि निकालात आमचं मांजर तिसरं आलं. मंडळाचे सचिव, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, हसून लोटपोट झाले, पण मला घाम फुटला. मी त्याच दिवशी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: माझ्या नंबरवरून आलेली प्रवेशिका निकालात कधीच दाखवायची नाही. ती ओळ लिहिली आणि विसरून गेलो. या म्हशी-मांजराच्या गोष्टी मी लग्नाकार्यात रंगवून सांगतो. पुढची मात्र अजून कुणाला धड सांगितलेली नाही.

मंडळानं एका वर्षी 'लोकपसंती' नावाचं बक्षीस ठेवलं. मोबाइलवरून कुणीही मत द्यायचं. एका शिकवणीवाल्या सरांनी सगळ्या वर्गाला कामाला लावलं, दुसऱ्यानं पुण्यातल्या भावाला. एका गुलाबाच्या फुलाला त्या गावच्या लोकसंख्येपेक्षा जास्त मतं पडली. मंडळाच्या बैठकीत लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. भाऊसाहेब मला म्हणाले, "दत्ता, आता असं कुलूप लाव की मुंगी आत आली न्हाय पायजे."

मी कुलूप लावलं. मतदान बंद केलं, आणि प्रवेशिकेलाही नियम केला: एक मोबाइल, एक माणूस, एक फोटो. मोबाइलवर सहा आकडी कोड येणार, तो टाकल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. त्याच नंबरवरून एकाहून जास्त प्रवेशिका आल्या तर त्या नंबरच्या सगळ्याच बनावट समजून आपोआप रद्द. मी त्या नियमावर जाम खूश होतो. आरशात बघून हसावं इतका खूश.

पुढची स्पर्धा नवरात्रात सुरू झाली. विषय होता 'हात'. पहिलं बक्षीस कॅमेरा, नवाकोरा, डब्यातला. मुदत संपल्यावर मंडळाच्या बैठकीत मी पडद्यावर दाखवलं: एकाच नंबरवरून आलेल्या एकतीस प्रवेशिका माझ्या प्रोग्रॅमनं पकडल्या आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तो नंबर पडद्यावर बघत होतो आणि मला तो ओळखू आला नाही. आजकाल कुणाचा नंबर पाठ असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मोबाइलवर नाव उमटलं, मुश्ताकभाई.

"दत्ता, आमचे फारम कुटं गेले रे?"

"कसले फॉर्म?"

"फोटोचे. एकतीस भरले म्या. समद्यांना लाल अक्षरात रद्द दाखवायलंय. लोक येऊन इचारायलेत."

एकतीस हा आकडा मी आदल्या दिवशीच पडद्यावर दाखवला होता. तरी मी साहेबासारखं विचारलं, "तुम्ही सगळ्यांना एकच मोबाइल नंबर टाकला का?"

"मंग कुनाचा टाकू? माझाच. कोड माझ्याकडं येतो, म्या भरतो, मानूस मोकळा."

"पण मुश्ताकभाई, एका नंबरवर एकच प्रवेशिका चालते. तसा नियम आहे."

"कुनी केला?"

"मी."

त्यांनी तिकडं प्रिंटर बंद केला. मग ते म्हणाले, "दत्ता, तू हितं बसायचास तवा कुनाचा नंबर टाकायचास?"

हे मला सांगायला पाहिजे. मुश्ताकभाई वाशीला स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवतात. वीस वर्षांपूर्वी, बीएस्सी होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला बोलावून आपल्या एकुलत्या एक संगणकापुढं बसवलं. संगणक मी तिथंच शिकलो. पोलीस भरती, डीएड, शिष्यवृत्ती, जे येईल ते आम्ही भरायचो. लोकांकडं ईमेल नसायचा, मोबाइल एका घरात एक, तोही बाहेरगावी गेलेल्या माणसाच्या खिशात. मग मी बिनदिक्कत माझा नंबर, माझा ईमेल टाकायचो. निम्म्या तालुक्याची प्रवेशपत्रं माझ्याकडं यायची. मी छापून ठेवायचो, माणूस बाजाराच्या दिवशी येऊन घेऊन जायचा. त्यात लबाडी आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. आणि नेमकं तेच मी आता बनावट म्हणून पकडलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

मी भाऊसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "ज्याचा त्याचा नंबर घेऊन परत भरून घे. परवा दुपारी बारापर्यंत. मंग परीक्षकांना यादी जाती. त्याच्यापुढं एक मिनिट न्हाय."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली. येडशी ओलांडेपर्यंत मी मनात नियम बदलत होतो, त्याच्यापुढं नुसत्या शिव्या घालत होतो, स्वतःलाच. वाशीत पोचलो तर मुश्ताकभाई वही उघडून बसले होते. एकतीस नावं, गाव, कुणाचा फोटो कशाचा. त्यांच्या वहीत असली नोंद नेहमीच चोख असते. ते फोन लावत होते आणि माणसं येत होती. एकाच्या मोबाइलला रिचार्ज नव्हता. एकाला कोड आला पण वाचता येईना, चष्मा घरी. एक जण शेजाऱ्याचा मोबाइल घेऊन आला आणि शेजारी पण बरोबर आला, त्याला मोबाइलवर भरवसा होता, माणसावर नव्हता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चोवीस झाले. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत सहा. राहिली एक.

"सुनीता," मुश्ताकभाई म्हणाले. "बाळू गायकवाडाची बायको. चार दिस झाले, ऊसतोडीला गेली. तिकडं कर्नाटकात."

नवऱ्याचा मोबाइल बंद. टोळीच्या मुकादमाचा वाजत होता, उचलत नव्हतं कुणी. मी तिची रद्द झालेली प्रवेशिका उघडली, किती महत्त्वाची आहे ते बघायला म्हणून. माणसानं असा विचार करू नये, पण केला.

फोटोत चेहरा कुणाचाच नव्हता. धुळीत मागं सरलेल्या ट्रॅक्टरचं एक चाक, पुढं एका लहान पोराचे पळायच्या बेतात उचललेले पाय, आणि ते घोट्यापाशी गच्च धरून ठेवलेले म्हातारीचे दोन हात. नखांत माती. एका पायातली चप्पल निसटलेली.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी काढला," मुश्ताकभाई म्हणाले. "तिचा दीर-जाऊ तोडीला गेले त्या टायमाला. ते जावंचं पोरगं, आजीकडं ठिवलेलं. सुनीतानं नवऱ्याच्या मोबाइलवर काढला. लई हौस हाय तिला, पन मोबाइल नवऱ्याच्या खिशात. मला म्हनली, भाई, कॅमेरा मिळाला तर त्यो तरी माझा राहील."

पावणेबारा झाले. मुकादमाचा फोन वाजून वाजून थांबला. मी खुर्चीवरून उठलो, बसलो, परत उठलो. मुश्ताकभाई म्हणाले, "बस की रे एका जागी. टाक माझा नंबर." पण त्यांच्या नंबरवर आता त्यांच्या स्वतःच्या नावाची प्रवेशिका होती. मी म्हणालो, "माझा टाकतो." वीस वर्षांनंतर त्याच टेबलाशी माझ्या बोटांनी माझा नंबर बरोबर टाकला. कोड आला. भरला. प्रवेशिका क्रमांक २१४. मुश्ताकभाईंनी चहा मागवला. आपण चांगलं काहीतरी केलं असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

निकालाचा कार्यक्रम दिवाळीनंतर धाराशिवला एका सभागृहात होता. मुश्ताकभाई इस्त्रीचा सदरा घालून वाशीहून आले होते, मागच्या रांगेत बसले होते. माझा नेहमीसारखा जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा वायर तपासली, तीनदा पाणी प्यालो. पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबलं आणि पडद्यावर निकाल आला. पहिले तामलवाडीचे एक गुरुजी. हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं, कुंभाराच्या हाताचा सुंदर फोटो होता. टाळ्या झाल्या, गुरुजी स्टेजवर गेले, गळ्यात हार पडला.

माझ्या शेजारी परीक्षकांपैकी गोरे सर बसले होते, निवृत्त चित्रकला शिक्षक. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "अहो, तो पोराचे पाय धरलेला? मी पैकीच्या पैकी दिले होते. बाकीच्या दोघांनीही दिले असणार. पहिल्या पाचांतसुद्धा नाही?"

मी मांडीवरचा लॅपटॉप उघडला. गुणांच्या तक्त्यात २१४ सगळ्यात वर होता. निकालाच्या यादीत नव्हता. आणि मला आमचं मांजर आठवलं. माझ्या नंबरवरून आलेली प्रवेशिका निकालात कधीच दाखवायची नाही.

मी उठून विंगेत भाऊसाहेबांकडं गेलो आणि दोन वाक्यांत सांगितलं. ते स्टेजकडं बघत राहिले. म्हणाले, "आता गप बस. मानसाच्या गळ्यात हार घातलाय."

"पण पहिली ती आहे."

"आन् तिच्या फारमवर नंबर तुझा हाय. काय सांगनार हाईस माइकवर? सॉफ्टवेअरवाल्याच्याच नंबरला पयलं बक्षीस?"

त्यांचं ऐकून मी गप्प बसलो असं म्हणायला मला आवडेल. पण खरं असं की ते बोलायच्या आधीच मी तो विचार केला होता. माझं नाव, माझी वेबसाइट, पुढची सगळी कामं. गुरुजींना कॅमेऱ्याचा डबा मिळाला. त्यांच्याकडं आधीचे दोन कॅमेरे होते हे ते स्वतःच भाषणात म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर मुश्ताकभाई भेटले. "आपल्या सुनीताचं काय झालं रे? तिला फोन लागला परवा, सांगितलंय म्या फारम गेला म्हनून."

मी म्हणालो, "नाही बसलं त्यात."

"असू दे," ते म्हणाले. "चालायचंच. तू लई धावलास पन." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टँडकडं गेले.

पुढचे चार-पाच महिने कसे गेले ते मलाच माहीत. कामं चालू होती, एका शाळेची स्पर्धा झाली, एका गणेश मंडळाचं संकेतस्थळ झालं. पण रोज सकाळी आल्या आल्या मी तो तक्ता उघडायचो आणि २१४ बघायचो. तो कुठं जाणार होता? मग खुर्ची सोडून गॅलरीत, गॅलरीतून परत आत. मंडळाकडं मी लेखी पत्र दिलं. भाऊसाहेब म्हणाले, निकाल लागला तो लागला, बदलला तर लोक हसतील, पुढच्या साली बघू. बायकोनं विचारलं, एवढं काय बिघडलंय? मी तिला म्हशीचीच गोष्ट परत सांगितली. ती म्हणाली, ही झाली ऐकून, आता जी सांगायची नाही ती सांगा. मी सांगितली. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "मग वाशी काही अमेरिकेत नाही."

पाडव्याच्या पुढं ऊसतोडीची माणसं परत आली. मुश्ताकभाईंनी सहज फोनवर सांगितलं की सुनीता आलीय. मी माझा कॅमेरा पिशवीत घातला आणि निघालो.

केंद्रात गर्दी नव्हती. सुनीता बाकावर बसली होती, तिशीची, हाताला उसाच्या पाचटानं चिरलेल्या बारीक रेघा. मुश्ताकभाईंनी ओळख करून दिली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मांजर, ती ओळ, माझा नंबर, सभागृह, हार. मध्ये थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

मुश्ताकभाई प्रिंटरमध्ये अडकलेला कागद हळूहळू ओढत राहिले. तो निघाल्यावर म्हणाले, "मशीनचं म्या समजू शकतो, दत्ता. पन पायऱ्यांवर तू मला न्हाय म्हनलास."

मी पिशवीचा बंद सोडायला लागलो.

सुनीता म्हणाली, "म्हंजे पयला आला व्हता?"

"हो, ताई. तिघांनी पैकीच्या पैकी दिले होते."

"मंग कॅमेरा?"

मी पिशवीतून माझा काढून पुढं केला. तिनं तो हातात घेतला, उलटा केला, पट्टा बघितला, काचेवर फुंकर मारली.

"ह्यो वापरलेला हाय," ती म्हणाली.

"हो. माझा आहे. चांगला चालतो."

"त्यांला नवा दिला का?"

"नवा."

मला वाटलं परत करेल. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं, राग आला असता तरी सोपं गेलं असतं. तिनं पट्टा गळ्यात घातला. "भाई, वहीत लिवा. सरांचा कॅमेरा, उसना. बक्षीस म्हनून न्हाय. माझं बक्षीस म्या जिंकून आनीन, तवा ह्यो परत."

मुश्ताकभाईंनी खरंच वही काढून लिहिलं आणि मला सही करायला लावली.

परतताना तेरखेड्याला थांबून चहा प्यालो. त्या आठवड्यात मी प्रोग्रॅममधून मांजराची ओळ काढली आणि चाचणीच्या प्रवेशिकांची वेगळी सोय केली. एक मोबाइल, एक माणूस हा नियमही काढला. त्याच्या जागी आता फॉर्मचा पहिला प्रश्न आहे: 'हा फॉर्म कोण भरत आहे? मी स्वतः, की माझ्यासाठी दुसरं कोणी?' दुसरं कोणी असेल तर त्याचं नाव वेगळं, छायाचित्रकाराचं वेगळं. एवढा साधा प्रश्न. वाशीच्या त्या खुर्चीवर जो माणूस दोन वर्षं बसला होता त्याला तो पहिल्या दिवशी सुचायला पाहिजे होता. पण मी ती खुर्ची सोडून आलो त्याचाच मला अभिमान होता, मग कुठून सुचणार?

मंडळाची यंदाची स्पर्धा सुरू व्हायला अवकाश होता. मी मनात ठरवून टाकलं होतं की सुनीता याच स्पर्धेत फोटो पाठवणार, जिंकणार, आणि मी बटण दाबीन तेव्हा तिचं नाव सगळ्यात वर येईल. म्हणजे माझं सॉफ्टवेअर आणि मी, दोघं सुटू. पावसाळाभर मी त्या दिवसाची वाट बघत होतो.

भाद्रपदात एसटीच्या पार्सलनं एक खोकं आलं. वाशीहून. आत माझा कॅमेरा होता, वाया गेलेल्या फॉर्मांच्या कागदात गुंडाळलेला, काच पुसून लख्ख केलेली. सोबत एका निकालाची छापील प्रत. लातूरच्या बाजूला कुणीतरी घेतलेली स्पर्धा, माझा तिच्याशी काही संबंध नाही. प्रथम क्रमांक, सुनीता गायकवाड, वाशी. बक्षीस, कॅमेरा.

मी काय केलं असेल? आधी त्यांची वेबसाइट उघडून बघितली. खोड आहे ती. माझ्यापेक्षा हळू उघडते, बटण भलत्याच ठिकाणी आहे आणि उभे फोटो अजून आडवे दिसतात. मला हेवा वाटला, मग हेवा वाटल्याची लाज वाटली, आणि मग मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती जिंकली होती, आणि त्यात माझ्या कामाची तिला काडीची गरज पडली नव्हती.

वाशीला फोन लावण्याआधी मी तो कागद पुन्हा एकदा बघितला. मागच्या बाजूला मुश्ताकभाईंचं अक्षर होतं.

'कॅमेरा परत. वहीत खोडला. फारम तिनं भरला, नंबर पण तिचाच. मी नुसती खुर्ची दिली.'